हरवलेलें नंदनवन आणि रसिकांचा रोष

कलावंतानें एकच रीत आयुष्यभर चालविली, तर टीकाकार त्याला पुनरुक्तीचा दोष देतात. आणि त्यानें ती टाकली, तर रसिक त्याच्यावर प्रतारणेचा आरोप ठेवितात. या दोहोंपैकीं दुसरा आरोप अधिक विचारार्ह आहे, कारण तो प्रेमांतून उद्भवलेला असतो. त्याचें परीक्षण करण्यास इंग्लंडमधील ‘पॅरॅडाइज लॉस्ट’ या बँडची कारकीर्द फार सोयीची आहे. मिल्टनच्या महाकाव्याचें नांव धारण करणारा हा वादकसंघ १९८८ सालीं यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स या लोकरीच्या गिरण्यांच्या गांवीं स्थापन झाला. गायक निक होम्स, गिटारवादक ग्रेगर मॅकिंटॉश व ॲरन एडी आणि बास-गिटार वाजविणारा स्टीव्ह एडमंडसन हे चौघे तेव्हांपासून एकत्र आहेत. बदलले ते केवळ तालवादक. म्हणजे येथें माणसें तींच राहिलीं आणि संगीत मात्र पालटत गेलें.

या संगीतप्रकाराला ‘डूम मेटल’ म्हणतात. ‘डूम’ म्हणजे अटळ विनाश. त्याचें मूळ बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडच्या १९७० सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत सांपडतें. तिच्या पहिल्याच गीतांत षड्जावरून तीव्र मध्यमावर जाऊन स्वर तेथेंच कांपत ठेविला आहे. पंचमाचा विसांवा नाकारल्यामुळें श्रोत्याच्या मनांत जी अस्वस्थता उत्पन्न होते, तीच या संप्रदायाची जननी होय. त्या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांचीं अग्रें पत्र्याच्या कारखान्यांत तुटलीं होतीं. तारा सैल केल्यानें त्याला वाजविणें सुकर झालें, आणि स्वरही खोल उतरला. पुढें ही खोली व ही मंद गति हाच नियम झाला. आमच्याकडील विलंबित लयींत स्वराला फुलावयास अवकाश मिळतो. येथील विलंबित लय तशी नव्हे. येथें प्रत्येक आघात मागच्याहून जड होऊन येतो, आणि दुःखाला जणू देह प्राप्त होतो.

‘पॅरॅडाइज लॉस्ट’च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत (१९९०) जडपणा होता, पण व्यक्तिमत्त्व नव्हतें. तें आलें ‘गॉथिक’मध्यें (१९९१). होम्सचा घशाच्या तळांतून निघणारा गुरगुराट, त्याच्या जोडीला एका स्त्रीचा स्वच्छ आवाज, वाद्यवृंदाची झालर आणि या सर्वांवरून विलाप करीत जाणारी मॅकिंटॉशची गिटार, असा तो अपूर्व संयोग होता. पुढें एका उपसंप्रदायाला या कृतीवरून नांव मिळालें. ‘शेड्स ऑफ गॉड’मध्यें (१९९२) गुरगुराटांतून शब्द ओळखूं येऊं लागले, ‘आयकॉन’मध्यें (१९९३) त्याची जागा कठोर पण मानवी आवाजानें घेतली, ‘ड्रॅकोनियन टाइम्स’मध्यें (१९९५) तो आवाज मोकळेपणानें गाऊं लागला. ‘वन सेकंड’मध्यें (१९९७) पियानो व यंत्रनिर्मित सूर पुढें आले, आणि ‘होस्ट’मध्यें (१९९९) तर गिटार जवळजवळ पडद्याआड गेली. सिंथेसायझरचे थर, यंत्राचा ठेका व मृदु गायन ऐकून अनेकांना ‘डेपेश मोड’ या बँडची आठवण झाली.

रोषाचा भडका उडाला तो येथें. ही ध्वनिमुद्रिका ई. एम्. आय. या बलाढ्य कंपनीकडून निघाल्यामुळें, या मंडळींनीं बाजारासाठीं आपलें इमान विकलें, या संशयास बळकटी आली. परंतु वरील क्रम ज्यानें लक्षपूर्वक पाहिला असेल त्याच्या ध्यानांत येईल कीं, ‘होस्ट’ ही अकस्मात मारलेली उडी नव्हती. आक्रोशाकडून गीताकडे जाणारी जी वाट आठ वर्षें चालू होती, तिचेंच तें टोंक होतें. मग वाटेंत जे स्वखुषीनें बरोबर चालले, ते टोंकाशीं येऊन कां संतापले? उत्तर असें कीं, कोणी ‘गॉथिक’मुळें या संगीतांत आला, कोणी ‘आयकॉन’मुळें, कोणी ‘ड्रॅकोनियन टाइम्स’मुळें, आणि ज्या दारानें आपण आंत आलों, तेंच घराचें मुख्य दार, असें प्रत्येकास वाटतें.

तथापि या श्रोत्यांची थट्टा करून भागणार नाहीं. त्यांची बाजू अशी मांडतां येईल: शैली हें एक प्रकारचें वचन असतें. डूम संगीताचा श्रोता बहुधा ऐन तारुण्यांत त्याकडे वळतो. जें दुःख घरांत बोलतां येत नाहीं, त्याला या संगीतांत आवाज मिळतो. तो आवाज एकाएकीं पालटला, कीं आपल्या त्या दिवसांवरच कोणी बोळा फिरविला असें त्याला वाटतें. हा भाव खरा आहे. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष खरा नाहीं. श्रोत्याचें दुःख त्याचें स्वतःचें. तें सांभाळीत बसण्याची जबाबदारी वादकानें पत्करलेली नसते.

मग ‘होस्ट’ची योग्यता काय? आमच्या मतें ती प्रामाणिक पण उणी कृति आहे. विरह, थकवा, श्रद्धेचा लोप हे होम्सचे नेहमींचे विषय तेथें कायम आहेत, आणि मॅकिंटॉशची उदास स्वररचनाही लोपलेली नाहीं. गेला आहे तो भार. आणि भार हा या कलेंत अलंकार नसून देह आहे. तो गेल्यावर उरलें तें दुःखाचें सुरेल चित्र, दुःख नव्हे. श्रोत्यांनीं दोष ओळखला, पण त्याचें नांव चुकविलें: हानि झाली होती, प्रतारणा नव्हे. खरी डळमळ दिसते ती पुढील ‘बिलीव्ह इन नथिंग’मध्यें (२००१). तींत गिटारी परतल्या, पण निश्चय परतला नाहीं. २०१८ सालीं या ध्वनिमुद्रिकेचें ध्वनिमिश्रण नव्यानें करण्यांत आलें. ‘होस्ट’ मात्र त्याच वर्षीं केवळ स्वच्छ करून पुनः प्रसिद्ध झाली. धीट प्रमाद हा भित्र्या तडजोडीहून बरा, हें येथें स्पष्ट दिसतें.

ज्याच्या काव्याचें नांव या मंडळींनीं घेतलें, त्या मिल्टनचीही गोष्ट निराळी नाहीं. १६६७ सालच्या भव्य काव्यानंतर १६७१ मध्यें त्यानें ‘पॅरॅडाइज रीगेन्ड’ हें अधिक साध्या शैलींतील काव्य प्रसिद्ध केलें. लोक त्याला पहिल्याहून हीन लेखूं लागले, आणि हें मत त्या वृद्ध अंध कवीस मुळींच सहन होत नसे, असें त्याचा भाचा एडवर्ड फिलिप्स यानें नमूद केलें आहे. वाचकांचा निर्णय काळानें बहुतांशीं उचलून धरला. पण मिल्टननें प्रतारणा केली, असें कोणी म्हटलें नाहीं.

२००५ नंतर ‘पॅरॅडाइज लॉस्ट’चें संगीत पुनः जड होत गेलें, आणि ‘द प्लेग विदिन’मध्यें (२०१५) तो जुना गुरगुराटही परत आला. चाहत्यांना हा आपला विजय वाटला असल्यास नवल नाहीं. पण कारण अन्यत्र आहे. पित्याच्या निधनाच्या शोकांत मॅकिंटॉशनें ‘व्हॅलेनफायर’ हा निराळा बँड उभारून २०११ मध्यें अत्यंत उग्र संगीत प्रसिद्ध केलें. होम्सही २०१४ मध्यें ‘ब्लडबाथ’ या तशाच उग्र वळणाच्या बँडला मिळाला. भार परतला तो मागणीमुळें नव्हे, तर त्याची गरज पुनः उत्पन्न झाली म्हणून. म्हणूनच ‘मेड्यूसा’मधील (२०१७) आठ मिनिटांहून दीर्घ असें पहिलें गीत अनुकरणासारखें वाटत नाहीं, तें प्रौढ माणसांचें दुःख आहे. २०२३ हें वर्ष तर मोठें बोलकें आहे. त्या वर्षीं होम्स व मॅकिंटॉश यांनीं ‘होस्ट’ याच नांवानें नवा संघ काढून यंत्रसुरांची ती वाट पुनः धरली, आणि त्याच वर्षीं ‘आयकॉन’चीं गीतें सर्वांनीं नव्यानें मुद्रित केलीं. पहिल्या कृत्यानें पश्चात्तापाची कल्पना खोटी ठरविली. दुसऱ्यानें हें दाखविलें कीं, तींच माणसें, तेच स्वर, तेच शब्द जमवूनही तीस वर्षांपूर्वींचा गळा परत आणतां येत नाहीं.

कलावंतापाशीं खरेपणा मागण्याचा रसिकास पूर्ण अधिकार आहे. कालचा सूर मागण्याचा नाहीं. या संगीताशीं ज्यांचा परिचय नाहीं त्यांनीं प्रथम ‘गॉथिक’, मग ‘होस्ट’ आणि शेवटीं ‘मेड्यूसा’ या क्रमानें ऐकावें. ज्यांच्या घरांत हें संगीत दार लावून ऐकणारीं मुलें असतील, त्यांनीं तर आवर्जून ऐकावें. दारापलीकडे काय चाललें आहे, याचा थोडाबहुत उलगडा त्यांना होईल.