डोक्याला बांधायचं विमान

वैमानिक व्हावं असं माझ्या मनात होतं. पण मी कॉमर्सला गेलो. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हे मला बी. कॉम. झाल्यावर कळलं. परवान्यासाठी बारावीला फिजिक्स आणि गणित लागायचं, आणि माझं गणित म्हणजे जमा-खर्च. तेव्हापासून मी बँकेच्या काउंटरमागे बसून आहे. आयुष्यात गाठलेली उंची म्हणाल तर स्टुलाची.

पण वेड काही जात नाही. लहानपणी आण्णा मला सायकलच्या दांडीवर बसवून उजळाईवाडीला न्यायचे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली सुरू झालेला हा विमानतळ. आम्ही कुंपणाबाहेर शेंगा खात बसायचो. विमान बहुधा यायचंच नाही. "आज सुट्टी असंल त्याला," असं म्हणून आण्णा सायकल वळवायचे.

परवा पुतण्या म्हणाला, "काका, आता घरात बसून विमान चालवा की! कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, आणि डोक्याला व्हीआर हेडसेट. २०२० पासून सोय झालीय."

खोट्या विमानाचा प्रकार तसा जुनाच. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थानं ते बनवलं, तेही वडिलांच्या कारखान्यातले ऑर्गनचे भाते वापरून. संगीत नाटकांवर पोसलेल्या कोल्हापूरकराला ऑर्गनच्या भात्यावर उडण्याची कल्पना पटायला वेळ लागत नाही. हेडसेटही ओळखीचाच निघाला. लहानपणी चकती घालून ताजमहाल बघायचा तो व्ह्यू-मास्टर आठवतो? दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रं, आणि मेंदूची फसवणूक. तत्त्व तेच, फक्त इथं मान वळवली की ताजमहालही वळतो.

पुतण्यानं मित्रांकडून दोन हेडसेट मागून आणले.

पहिला पायमॅक्स क्रिस्टल लाइट. दर डोळ्याला २८८० गुणिले २८८० ठिपके. आकाश सगळेच दाखवतात हो. परीक्षा असते ती समोरच्या घड्याळांची. उंचीचा आकडा वाचता आला नाही तर विमान आणि एस.टी. यांत फरक तो काय? इथं आकडे पासबुकासारखे स्वच्छ. पण वजन आठशे ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या तासात माझ्या मानेची अवस्था जोतिबाची सासनकाठी नाचवणाऱ्यासारखी झाली. शिवाय एवढे ठिपके पुरवायला इतकं दांडगं ग्राफिक्स कार्ड लागतं, की नवरीपेक्षा करवल्यांचाच खर्च जास्त. आणि कार्ड कमी पडलं की चित्र अडखळतं. मग डोळे म्हणतात "वळलो", कान म्हणतो "बसलोय", आणि पोट म्हणतं "गगनबावड्याचा घाट आला".

दुसरा मेटा क्वेस्ट ३, २०२३ सालचा. ठिपके २०६४ गुणिले २२०८. वजन ५१५ ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो गुळाची ढेप. यात चित्र कॉम्प्युटरकडून दाबून, घडी घालून येतं; त्यामुळे बारीक आकडे किंचित विरघळतात. पण भिंगं चांगली. नजर कडेला नेली तरी चित्र पुसट होत नाही.

तिसरा एचपी रिव्हर्ब जी २. वैमानिक मंडळींचा एके काळी लाडका, आणि आता जुन्या बाजारात स्वस्त. पण तो ज्या विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर चालायचा, ती मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये विंडोज ११ मधून काढून टाकली. घोडा उत्तम, पण नालबंदानं दुकान बंद केलं. म्हणून तो बाद.

एक सुखद धक्का सांगतो. पडदा डोळ्यांपासून दोन बोटांवर, म्हणून मी चाळिशी चढवून बसलो, तर सगळं धूसर! भिंगांमुळे डोळ्याला ते चित्र दीड-दोन मीटर लांब वाटतं. चाळिशी काढली आणि आकडे लख्ख. बँकेत व्हाउचर वाचता येत नाही तो मनुष्य विमान चालवायला फिट! लांबचा चष्मा असेल त्यांनी मात्र तो किंवा त्या नंबरची भिंगं लावावीत.

मनातून माझा कौल पायमॅक्सला होता. शेवटी आण्णांच्या डोक्याला लावून बघितला. वय अठ्ठ्याहत्तर, विमानात कधी पाय ठेवलेला नाही. दोन मिनिटांत म्हणाले, "काढ रं, मान मोडतीया." मग क्वेस्ट लावला. मी उजळाईवाडीहून विमान उचललं आणि हळूहळू पश्चिमेला घेतलं. आण्णांनी एकाही घड्याळाकडे बघितलं नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून ते खालीच बघत राहिले. रंकाळा ओळखला. मग म्हणाले, "आपलं घर कुठाय?"

तिथं आपलं घर नव्हतं. कॉम्प्युटरनं आपल्या जागेवर भलत्याचंच घर बांधलं होतं. आण्णांनी सिटी सर्व्हेला अर्ज द्यायला सांगितलं. पण वीस मिनिटं झाली तरी हेडसेट काढू देईनात.

आम्ही क्वेस्ट घेतला. उंचीचा आकडा जरा पुसट दिसतो. मी पुढे वाकून वाचतो. आण्णा हल्ली रोज संध्याकाळी विचारतात, "काय रं, आज सुट्टी न्हाई न्हवं त्याला?"