दोन घरचा पाहुणा

‘‘बाबा, प्लग-इन हायब्रिड घ्यावी म्हणतोय. तुमचं काय मत?’’ इंग्लंडातल्या जावयांचा फोन. मोटारीतलं मला हॉर्नपलीकडे काही कळत नाही. पण ‘कळत नाही’ म्हणणं सासरेपणाला शोभत नाही. म्हटलं, ‘‘आठ दिवसांनी सांगतो,’’ आणि अभ्यासाला बसलो.

ही गाडी म्हणजे एका घरात दोन चुली. पेट्रोलचं इंजिन आहेच. शिवाय रात्री प्लग लावून भरायची बॅटरी. बॅटरीवर पन्नास-साठ किलोमीटर जायचं, पुढे इंजिन आहेच. रोजच्या कचेरीला वीज, गावाला पेट्रोल. कागदावर झकास! फक्त कागदावरचा माणूस रोज रात्री न चुकता प्लग लावतो. खरा माणूस जेवून झोपतो. युरोपीय आयोगाने २०२४ साली रस्त्यावरच्या गाड्यांचा हिशेब मांडला, तेव्हा २०२१च्या अशा गाड्यांचं पेट्रोल प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीनपट जळत होतं. ब्रिटनमध्ये तर २०१८ साली बातमी होती, की करसवलतीच्या लोभाने घेतलेल्या काही गाड्यांत चार्जिंगच्या वायरी अजून वेष्टनात होत्या! म्हणजे बॅटरीची पालखी जन्मभर पेट्रोलच्या खांद्यावर.

मी हसणार होतो, पण समोरच आमची व्यायामाची सायकल दिसली. तिच्यावर टॉवेल वाळत होते.

आठव्या दिवशी मी फोन केला. ‘‘जावईबापू, गाडी कुठे लावता?’’

‘‘रस्त्यावर. आपला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर ना.’’

‘‘मग वायर काय खिडकीतून सोडणार?’’

‘‘ऑफिसात प्लग बसवणार आहेत म्हणे.’’

‘म्हणे’वर चालणारी गाडी अजून निघालेली नाही. घराशी प्लग, रोजची थोडी धाव आणि महिन्यातून एखादी लांबची फेरी असेल, तर ही गाडी सोन्यासारखी. नाहीतर दोन घरचा पाहुणा उपाशी. इथे तर त्याचं सामानही आपणच वाहायचं.

तेवढ्यात मुलीने फोन घेतला. हळूच म्हणाली, ‘‘बाबा, पैसे घरासाठी साठवलेत त्यातले जाणारेत.’’

मग मात्र मी निकाल देऊन टाकला. ‘‘आधी प्लगवालं घर बघा. त्याला लावायला गाडी मागाहून मिळेल.’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग जावई म्हणाले, ‘‘बरं. तुमच्या सायकलवरचे टॉवेल वाळले का?’’