करकटकाने कोरलेला अंकुर

शाळेच्या वार्षिकांकाचं मुखपृष्ठ समितीत ठरतं आणि बहुतेक वेळा तिथेच त्याची वाट लागते. मराठीच्या बाईंना सरस्वती हवी असते, विज्ञानाच्या सरांना अग्निबाण, क्रीडाशिक्षकांना मशाल आणि संस्थाचालकांना नवी इमारत. कुणालाच दुखवायचं नसतं. मग डीटीपीवाला सगळं एका पानात कोंबतो, मागे निळ्यातून जांभळ्यात विरघळणारा रंग सोडतो, शाळेचं नाव सोनेरी, फुगीर, सावली पाडलेल्या अक्षरांत टाकतो आणि स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री अंक छापून येतो. राहिलेल्या कोपऱ्यात इंटरनेटवरून उतरवलेली, रंगीत पेन्सिली घेऊन हसणारी गोरी मुलं. ती त्या शाळेत काय, त्या तालुक्यातही कधी आलेली नसतात.

असे अंक जमवायचा मला नाद आहे. त्या गठ्ठ्यात कोकणातल्या एका माध्यमिक शाळेचा एक अंक आहे, आणि त्याच्या मुखपृष्ठावर वरच्या यादीतलं एकही चित्र नाही. नाव ‘अंकुर’. नावात नवल नाही. या नावाचे अंक गावोगाव निघतात आणि त्यांच्यावर मातीतून वर आलेली दोन हिरवी पानं ठरलेली असतात. इथे पानं नाहीत, माती नाही, हिरवा रंगही नाही. आहे तो एक बाक. तोही अख्खा नव्हे, वरून पाहिलेला त्याच्या फळ्यांचा तुकडा. दोनच रंग, तपकिरी आणि निळा. चित्र लिनोकटचं, नववीच्या मुलांनी चित्रकलेच्या तासाला केलेलं, असं आतल्या पानावर छापलंय.

लिनोचं तंत्र साधं आहे. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र काढायचं, जिथे रंग नको तिथे कोरणीने खणायचं, उरलेल्या उंच भागावर रोलरने शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून दाबायचं. छापयंत्र नसलं तरी अडत नाही, चमच्याची पाठ घासूनही ठसा उमटतो. कोरलं ते पांढरं, राहिलं ते रंगीत. म्हणजे या माध्यमात रेषा ओढायची नसते, खोदायची असते. आणि शाळेच्या बाकावर पोरं दुसरं काय करतात? कंपासपेटीतलं करकटक काढायचं आणि सरांची पाठ वळली की लाकडात रुतवायचं. बाकाचं चित्र जलरंगात काढलं असतं तर ते बाकाचं चित्र झालं असतं. लिनोत कोरल्यामुळे चित्र काढणं आणि बाक खरवडणं ही एकच कृती झाली. या मुखपृष्ठाची खरी कमाई मला इथे दिसते. बाकीचं सगळं त्यातून आपोआप आलंय.

आता नावाकडे पाहा. पानाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात दोन फळ्यांची सांध आडवी गेली आहे, एक पांढरी, किंचित थरथरती रेघ. ‘अंकुर’ ही अक्षरं त्या सांधीला खालून लटकली आहेत. सांध हीच शिरोरेषा! वेगळी रेघ मारलेलीच नाही. देवनागरीत मथळा करणाऱ्याला शिरोरेषेचं काय करायचं हा प्रश्न सुटत नाही. ठेवली तर सगळी अक्षरं एका दांडीला बांधली जातात, काढली तर उघडी पडतात. इथे ती बाकानेच आयती दिली आणि पोरांनी ती वापरली. अनुस्वार मात्र सांधीच्या पलीकडे, वरच्या फळीवर. तो टिंब नाही, भोक आहे: करकटकाचं टोक रुतवून गोल गोल फिरवल्यावर पडतं तसं, कडेला बारीक ढलप्या उडालेलं. त्या एका भोकावर मी बराच वेळ घालवलाय.

अक्षरांना गोलाई नाही. करकटकाला वळण जमत नाही; लाकडाच्या रेषा त्याला आपल्या दिशेने ओढतात आणि वळवायला गेलं की ते घसरतं. त्यामुळे ‘अ’चं पोट तीन सरळ फटकाऱ्यांत झालंय, ‘क’चे दोन्ही कान कोनदार आहेत, उकार तर चक्क मासे पकडायच्या गळासारखा दिसतो. ‘र’चा शेवटचा पाय नको तितका लांब गेलाय, हात सुटल्यावर जातो तसा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरांना नाटकाचा स्वभाव दिला. सत्यजित राय यांनी ‘एक्षण’ या बंगाली नियतकालिकाच्या मुखपृष्ठांवर नावाच्या तीन अक्षरांनाच नवनवे अवतार घ्यायला लावले. तिथे थोरामोठ्यांचं कसब होतं. इथे कसब कमी आहे, पण अक्षर कोणत्या हत्याराने आणि कशावर कोरलंय याचा विसर पडलेला नाही, आणि एवढ्या एका शिस्तीवर मथळा तरून गेलाय. संगणकातला तयार फाँट लावला असता तर चित्र एकीकडे आणि नाव दुसरीकडे राहिलं असतं. नव्वद टक्के अंकांत तेच होतं, हा माझा अंदाज. मोजायला कोण बसलंय.

मथळ्याच्या खाली जवळजवळ काही नाही. पानाचा मोठा भाग नुसता लाकडाच्या रेषांचा. एका कडेला फुली-गोळ्याचा अर्धवट डाव, एक बदाम (त्यातली अक्षरं खरवडून टाकलेली), कुणीतरी मारलेल्या चार उभ्या आणि एक तिरकी अशा रेघांचे गठ्ठे. तास मोजले असतील किंवा खाल्लेल्या छड्या. बस्स. या रिकामपणाला धीर लागतो. समितीतलं कुणीतरी नक्कीच म्हणालं असणार की खाली जागा खूप राहिली आहे, एखादा सुविचार टाकू. तो टाकला गेला नाही याबद्दल त्या चित्रकलेच्या शिक्षकांना, कोण असतील ते, माझा नमस्कार.

रिकाम्या भागातही एक गंमत दडलेली आहे. पानाच्या खालच्या कडेजवळ, डावीकडे आणि उजवीकडे, लाकडाच्या रेषा विरळ होत जातात. कोरणी तिथे हलकी चालली आहे आणि दोन लांबट, गुळगुळीत डाग तयार झालेत. पहिल्यांदा मला वाटलं, ठसा नीट उमटला नसेल. मग लक्षात आलं, ही कोपरांची जागा. वर्षानुवर्षं पोरं कोपरं टेकून बसली आणि लाकूड झिजलं. मुखपृष्ठावर एकही मूल नाही. तरी ते कुठे बसतं, कसं बसतं, कंटाळ्याने किती पुढे झुकतं, हे त्या दोन झिजलेल्या डागांत आहे. आणि बाक जवळजवळ खऱ्या मापाचा काढलाय. अंक समोर ठेवून वाचायला बसलं की आपली कोपरं त्या डागांच्या दोन बाजूंना येतात.

निळा रंग एकाच ठिकाणी आहे: वरच्या फळीवर उजव्या कोपऱ्यात दौतीचं भोक, आणि त्याच्या भोवती शाईचा पसरट डाग. आता दौती कुठल्या? त्या भोकात हल्ली पेन्सिलीच्या साली आणि चॉकलेटचे कागद कोंबतात. हा डाग नववीतल्या मुलांचा नव्हे, फार तर त्यांच्या आजोबांच्या पिढीचा. शाळा किती जुनी हे सांगायला एरवी ‘गौरवशाली परंपरा’ वगैरे लिहावं लागतं. इथे एका निळ्या डागावर भागलं. रंग एकदाच आल्यामुळे नजर आधी तिथे जाते, मग सांधीवरून डावीकडे घसरत अक्षरांवर येते. दुसरा रंग परवडतो म्हणून चार ठिकाणी शिंपडला असता तर हे घडलं नसतं.

लिनो हे शाळेचं माध्यम आहे ही काही नवी गोष्ट नाही. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालबोध पुस्तकाला १९३० साली नंदलाल बसूंनी लिनोकटचीच चित्रं दिली होती. काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचं त्यांचं गाजलेलं लिनोकटही त्याच सालचं. काळ्या-पांढऱ्याच्या एवढ्या थोड्या सामग्रीत किती बोलता येतं, हे तिथे पाहावं. आपल्याकडे मुखपृष्ठाची आवड घडली ती दिवाळी अंकांवर, दलालांच्या आणि मुळगावकरांच्या देखण्या स्त्रियांवर. मुखपृष्ठ म्हणजे सुंदर रंगीत चित्र, ही समजूत तिथूनच शाळांपर्यंत झिरपली असावी. दलालांचा हात असेल तर ती खरीही आहे. तो नसताना ती धरून बसलं की मग अग्निबाण आणि मशाल.

खोड काढायची तर काढता येते. अंकावर चकचकीत लॅमिनेशन केलंय. ट्यूबलाइटखाली धरला की कोपरांचे डाग, ढलप्या, सगळं त्या चकाकीत बुडून जातं; अंक तिरका करकरून पाहावा लागतो. या चित्राला मॅट लॅमिनेशनच हवं होतं, किंवा खरखरीत कागद आणि वर काहीच नको. साल आणि शाळेचं नाव पांढऱ्या रंगात, लाकडी सामानावर स्टेन्सिलने नंबर टाकतात तसं घातलंय, ही कल्पना छान. पण साल फार बारीक झालंय. आणि सांध कण्यावरून वळून मलपृष्ठावर जाईल असं वाटत असतानाच तिथे सराफाची पानभर जाहिरात येते. त्याला इलाज नाही. त्या पानाच्या पैशांवर अंक निघतो, आणि सराफाने आपली नथ बाकावर ठेवावी असं कोण सांगणार.

काहींना विषयच खटकेल. बाक खरवडल्याबद्दल ज्यांनी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, त्यांनीच तो मुखपृष्ठावर मिरवावा? मला तर यात शाळेचा मोठेपणा दिसतो, पण आमच्या एका निवृत्त मुख्याध्यापक स्नेह्यांनी अंक उलटसुलट पाहिला आणि “नुकसानभरपाई घेतली का?” एवढंच विचारलं.

लिनोत अक्षरं उलटी कोरावी लागतात, तर ती छापल्यावर सुलटी येतात. ट्रेसिंग पेपर पालथा घालून मुलांनी ते सांभाळलं आहे, मथळा बिनचूक आहे. पण फुली-गोळ्याच्या शेजारी कुणीतरी आपल्या नावाचं आद्याक्षर कोरलंय, एक छोटा ‘ग’, आणि तो उलटा छापला गेलाय. ठसा स्कॅन करून ऑफसेटला देताना तो संगणकावर सुलटा करणं हे दोन मिनिटांचं काम होतं, आणि डीटीपीवाल्याने तसं विचारलंही असणार. ‘ग’ तसाच उलटा आहे.