गॅरेजमधला ताशा

ढोल वाजवायला वीस जण मिळतात, ताशाला एक मिळत नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या पथकाचं सुरुवातीच्या वर्षांतलं रडगाणं हेच. ढोलाला उत्साह आणि दणकट कंबर असली की निम्मं काम भागतं. (ढोलवाल्यांनी रागावू नये, मीही ढोलावरच आहे.) ताशाला मनगट लागतं. दोन बारीक काड्यांची सलग तर्री, आणि तिच्या आधाराने चालणारे तीस ढोल. ती जरा अडखळली की मागच्या रांगेचं वेगळंच लग्न लागतं.

आमचा पहिला ताशा माझ्या बॅगेतून आला. तांब्याचा, जुन्या नऊवारीत गुंडाळलेला. तेवीस किलोच्या हिशेबात त्याने भाजणी आणि गोडा मसाला दोन्हींची जागा खाल्ली. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तो उलटासुलटा करून विचारलं, "यात शिजवता काय?"

पुढचे प्रश्न इथले होते. सराव कुठे करायचा? घरामागच्या अंगणात केला, तर विसाव्या मिनिटाला पोलिसांची गाडी दारात. मग एका गोदामाच्या पार्किंगची जागा मिळवली, रीतसर परवानगी काढली, कानांत बोळे घालून शनिवारी दुपारी जमू लागलो. आमचा बाप्पाही शनिवारीच मिरवतो, पंचांग काही म्हणो. आणि ऑगस्टची दमट हवा! कातडी पान असं सैल पडतं की ताशा तडतडायच्या ऐवजी कण्हतो. गावाकडे कागद, पाचोळा पेटवून पान शेकतात. इथे गॅरेजमध्ये जाळ केला तर आधी धुराचा भोंगा वाजेल आणि मग अग्निशामक दल येईल. म्हणून आमच्या पथकाच्या सामानात टिपरू, दोऱ्या, झांजा यांच्या जोडीला एक हेअर ड्रायर कायम असतो. फायबरचं पान शेकावं लागत नाही, हे मान्य. पण त्याचा आवाज मला पत्र्यासारखा लागतो.

ताशेवाला मात्र घरातच निघाला. माझा मुलगा शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये स्नेअर ड्रम वाजवतो. सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. मुळशीकडचे, तरुणपणी गावच्या पथकात ताशावर असलेले. एका संध्याकाळी गॅरेजमधून स्नेअरचा रोल ऐकू आला तसे चहा टाकून उठले. "अरे, ही तर तर्री आहे! फक्त हिला जरा झोल दे. सैनिकासारखी ताठ नको."

पुढचे तीन महिने ते गॅरेज म्हणजे शाळाच होती. तो मात्रा इंग्रजीत मोजायचा, ते मांडीवर थापट्या मारून दाखवायचे. "आजोबा, हा पॅटर्न परत." "पॅटर्न नाही रे, हात म्हण. पहिला हात, दुसरा हात." रविवारच्या मराठी शाळेत त्याने जे मराठी शिकायचं टाळलं, त्याच्या दुप्पट तो इथे शिकला, काही शब्द चारचौघांत न वापरण्याजोगे, ते सोडा.

मार्चमध्ये आम्ही क्वीन्समधल्या रिचमंड हिलला फगवा, म्हणजे तिथली होळी, बघायला गेलो. तिथे गयाना-त्रिनिदादकडून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. १८३८ पासून गयानाच्या आणि १८४५ पासून त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांचे हे वंशज. मळ्यांवर गेलेले बहुतेक भोजपुरी मुलखातले, म्हणजे आपला त्यांचा तसा संबंध नाही. घरातली बोली बहुतेकांची सुटली आहे. पण गळ्यात काय? तासा! सोबत ढोल, आणि झांज. नावंसुद्धा तीच. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ सांगत होते की त्यांचे वडील बकऱ्याचं कातडं आगीवर शेकून वाजवायचे. मी हेअर ड्रायरचं सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. मुलाने विचारलं, या तालाला काय म्हणता? ते म्हणाले, "हँड." प्रत्येक तालाचा एक हँड असतो, लग्नाचा निराळा. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. शब्द असे का जुळले ते भाषेच्या अभ्यासकांनी बघावं. मला त्या क्षणी आठवली ती सासऱ्यांची मांडीवरची थाप.

त्या गृहस्थांनी मुलाच्या हातात काड्या दिल्या. त्याने आमचा पहिला हात वाजवला, त्यांनी त्यांचा एक. मग फुटपाथवरच्या त्या थंडीत अर्धा तास देवाणघेवाण चालली आणि माझे पाय गोठले.

सप्टेंबरच्या मिरवणुकीत चौथ्या हातानंतर मुलाने अचानक तर्री वळवली. ढोलवाल्यांना त्याने आधी शिकवून ठेवलं होतं, मला सोडून. मी दोन आवर्तनं टिपरू हवेत धरून उभी. इथे दुपारचे दोन, मुळशीत रात्रीचे साडेअकरा. फोनच्या पडद्यावर सासरे जागेच होते. वाजवून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला,

"हा हात कुठल्या गावचा रे?"

"क्वीन्सचा, आजोबा."