पराभवाची प्रामाणिक नोंद

मोटोक्रॉस म्हणजे नुसती धूळ व धडपड, असा आमचा ग्रह होता. ब्रूस ब्राऊन यांच्या ‘ऑन एनी संडे’ (१९७१) या अमेरिकन माहितीपटानें तो बदलला. नाना प्रकारच्या मोटारसायकल-शर्यती त्यांत आहेत. पण त्याचा प्राण मर्ट लॉविल होय. १९६९ चा हा राष्ट्रीय विजेता पुढील वर्षीं गाडीवर १ हा आंकडा लावून, तिची दुरुस्ती स्वतःच करीत गांवोगांव शर्यतीस जातो आणि अखेर विजेतेपद गमावतो. हा पराभव चित्रपटानें झांकला नाहीं, हें त्याचें मोठेपण. मात्र निवेदनांतील सततची थट्टा स्वारांच्या वेदनेस न्याय देत नाहीं. तरीही शेवटीं लॉविल, माल्कम स्मिथ व नट स्टीव्ह मॅक्वीन समुद्रकांठीं निव्वळ आनंदासाठीं गाड्या पळवितात, तेव्हां पद गेलें तरी खेळ उरतो, हें मनोमन पटतें.