अठराव्या शतकातील जहाज-जप्ती : दोन ग्रंथ आणि एक उपेक्षित पक्ष

अठराव्या शतकातील युरोपीय युद्धांत शत्रूचे व्यापारी जहाज पकडणे हा राज्यसंस्थेने परवाना दिलेला व्यवसाय होता. ‘लेटर ऑफ मार्क’ मिळालेले खासगी जहाज शत्रूचे जहाज पकडून आणी, नौन्यायालय ते ‘वैध प्राइझ’ ठरवी आणि विक्रीची रक्कम मालक व खलाशी वाटून घेत. १७०८ च्या ब्रिटिश कायद्याने या लाभावरील राजसत्तेचा वाटा सोडून दिल्यामुळे व्यापारी पेढ्यांना मोठेच उत्तेजन मिळाले. या विषयाच्या अभ्यासात दोन ग्रंथ पायाभूत मानावे लागतात.

रिचर्ड पारेस यांचा ‘कलोनियल ब्लॉकेड अँड न्यूट्रल राइट्स’ (१९३८) हा ग्रंथ कायदा आणि राजनय यांच्या अंगाने जातो. शांततेच्या काळात बंद असलेला वसाहतींचा व्यापार युद्धकाळात तटस्थ राष्ट्रांना खुला होऊ शकत नाही, हा ‘१७५६ चा नियम’ डच जहाजांविरुद्ध कसा वापरला गेला, याचे विवेचन त्यात आहे. डेव्हिड स्टार्की यांनी ‘ब्रिटिश प्रायव्हेटिअरिंग एंटरप्राइज इन द एटीन्थ सेंच्युरी’ (१९९०) या ग्रंथात हाच विषय गुंतवणुकीच्या अंगाने मांडला. निव्वळ लुटीसाठी सज्ज केलेली जहाजे आणि माल वाहताना संधी मिळाल्यास जप्ती करणारी जहाजे यांत त्यांनी केलेला भेद मोलाचा आहे. चाचेगिरीच्या रम्य कथांना त्यामुळे छेद मिळतो.

तथापि ‘उद्योग’ या संज्ञेची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. पकडणाऱ्या पेढीचा ताळेबंद मांडला की पकडल्या गेलेल्या पेढीची हानी त्या हिशेबाबाहेर राहते. पकडलेल्या गुलामवाहू जहाजांवरील माणसेही प्राइझच्या मालात मोजून विकली जात. त्यांना ‘परतावा’ या शब्दात सामावून घेणारी परिभाषा तटस्थ राहत नाही.

ओल्डेनबर्ग विद्यापीठ व ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘प्राइझ पेपर्स’ प्रकल्पामुळे ही उणीव काही अंशी भरून निघू शकते. १६५२ ते १८१५ या काळातील पस्तीस हजारांहून अधिक जप्त्यांची कागदपत्रे आणि सुमारे एक लाख साठ हजार न पोहोचलेली पत्रे त्यात आहेत. मात्र बंदी खलाशांच्या जबान्या न्यायालयाच्या ठरावीक प्रश्नावलीला दिलेली उत्तरे आहेत, हे विसरता येत नाही. पीडिताचा आवाजही येथे जेत्याच्या चौकटीतूनच ऐकू येतो.

मराठी अभ्यासकांस हा पेच अपरिचित नाही. सरखेल कान्होजी आंग्रे यांनी आपले दस्तक न घेणारी जहाजे पकडली. इंग्रज कंपनीच्या कागदांनी त्यांना चाचा ठरविले. त्याच काळात इंग्लंडमधील परवानाधारक मात्र प्रतिष्ठित व्यापारी होता. परवाना देण्याचा अधिकार कोणाचा मान्य करायचा, यावर हे नामकरण अवलंबून होते. जप्तीच्या इतिहासलेखनाने नफ्या-तोट्याआधी या अधिकाराचीच चिकित्सा करणे अगत्याचे आहे.