‘उद्ध’ : दिशा की श्रेणी?

पालि ‘उद्ध’ आणि संस्कृत ‘ऊर्ध्व’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार होत. त्यामुळे मराठी अनुवादात ‘उद्ध’च्या जागी ‘ऊर्ध्व’ ठेवण्याचा मोह सहज होतो. व्याकरणदृष्ट्या त्यात दोष नाही. परंतु मराठीत ‘ऊर्ध्व’ येतो तो ‘ऊर्ध्वलोक’, ‘ऊर्ध्वगती’ यांची सोबत घेऊन. वर ते श्रेष्ठ, खाली ते हीन, हा संस्कार त्याला चिकटलेला आहे. हा संस्कार त्रिपिटकास मान्य आहे काय?

मेत्तसुत्तात ‘उद्ध’ एकटा येत नाही. त्याच्यासोबत ‘अधो’ आणि ‘तिरिय’, म्हणजे खालची व आडवी दिशाही येते आणि मैत्री तिन्हींकडे सारखीच अमर्याद करावयाची असते. सतिपट्ठानसुत्तात देहाचे अवलोकन तळपायापासून वर आणि मस्तकापासून खाली असे सांगितले आहे. अशुचीच्या बाबतीत मस्तकाला पायाहून अधिक मान नाही. याउलट पुरुषसूक्ताने मुख ब्राह्मणाचे ठरविले आणि शूद्राची उत्पत्ती पायांपासून सांगितली. येथे शरीराची उंची ही समाजाची उतरंड झाली. बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात या सूक्ताची चिकित्सा केली, ती याच कारणाने महत्त्वाची ठरते.

दहा संयोजनांपैकी पाच ‘उद्धंभागिय’, म्हणजे वरच्या भागाची आहेत : रूपराग, अरूपराग, मान, उद्धच्च आणि अविज्जा. वरची असली तरी ती बंधनेच होत. आणि त्यांत ‘मान’ म्हणजे अहंकारही आहे. (‘उद्धच्च’ हा शब्द मात्र ‘उद्धत’पासून आला आहे, त्याचा ‘उद्ध’शी संबंध जोडू नये.)

येथे आक्षेप घेता येईल की, अनागामींमध्ये ‘उद्धंसोत’ हा प्रकार आहे. तो वर वर जात अकनिट्ठ लोकास पोहोचतो. म्हणजे धम्मातही चढण आहेच. ते खरे आहे. परंतु ती चढण जन्माने मिळत नाही, साधनेने चढावी लागते. शिवाय ‘अकनिट्ठ’चा शब्दशः अर्थ ‘ज्यांत कनिष्ठ नाही’ असा आहे, हे विसरू नये.

‘उद्ध’चेच दुसरे रूप ‘उब्भ’. आपला ‘उभा’ त्याच कुळातला आहे. म्हणून दिशेसाठी ‘वर’, देहस्थितीसाठी ‘उभा’ आणि पारिभाषिक संज्ञांत मूळ पालि शब्दच ठेवावा. ज्यांना शतकानुशतके ‘खालचे’ म्हटले गेले, त्यांच्या वंदनेत उतरंडीचा शब्द नकळत शिरणे योग्य नव्हे.